न जाणवणारा करंट

आमच्या क्लिनिकमध्ये मायक्रोकरंटचं यंत्र आलं ते नेमकं आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या दिवशी. त्यामुळे प्लग खोचायच्या आधीच त्याच्या गळ्यात झेंडूची माळ पडली. बाहेर व्हाइटफील्डच्या रस्त्यावर गाड्यांच्या चाकांखाली लिंबं चिरडली जात होती, कोहळे फुटत होते, आणि आत आमचे संचालक यंत्राच्या पडद्यावर ओल्या कुंकवाचा टिळा लावत होते. संचालक व्यवस्थापनशास्त्र शिकलेले आहेत. त्यांनी आयुष्यात कुणाचा आखडलेला खांदा हलवून पाहिलेला नाही, पण भाषण त्यांना चांगलं जमतं. कुंकू ओघळून वायर खोचायच्या भोकात गेलं. मी कोपऱ्यात बसून काडीला कापूस गुंडाळून ते साफ करत होते, तेव्हा भाषणात 'पेशींशी संवाद' असे शब्द आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काडी दातात धरून.

मी मूळची निपाणीची. शिक्षण बेळगावात, नोकरी आणि संसार बंगळुरूत. घरात मराठी, दारात कन्नड, कामावर हिंदी आणि इंग्रजीची भेळ. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझे केस या गावात पांढरे झाले. ज्या हिवाळ्याबद्दल लिहिते आहे, तेव्हा नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. लोक विचारत, आता कसं वाटतंय. मी सांगत असे, बरं आहे. खरं सांगायचं तर बरंही नव्हतं आणि वाईटही नव्हतं. सकाळी मेट्रो पकडत होते, संध्याकाळी परत येत होते. मधल्या वेळात माणसांचे गुडघे, माना आणि खांदे यायचे. मला कामाचा कंटाळा नव्हता आणि उत्साहही नव्हता. अशा माणसाच्या हातात हे यंत्र यावं, यात काही योग होता की काय कोण जाणे.

कारण या यंत्राची खासियत अशी की ते चालू आहे हे कळत नाही. आमच्याकडे विजेची दुसरी यंत्रं आहेत. त्यांनी मुंग्या येतात, स्नायू उडतो, आणि पेशंटला पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. मायक्रोकरंट म्हणजे अँपिअरचा लाखावा, दहा लाखावा भाग. कातडीला त्याचा पत्ताही लागत नाही. याचा उपयोग किती होतो याबद्दल दोन मतं आहेत. एक मत कंपनीच्या पत्रकात आहे, दुसरं शास्त्रीय नियतकालिकांत. पत्रकाचा आत्मविश्वास जास्त आहे. माझं मत विचाराल तर काही लोकांचं दुखणं कमी होतं. ते करंटमुळे, की आडवं पडून कुणीही काही न विचारता मिळालेल्या निवांतपणामुळे, हे मला सांगता येणार नाही. मात्र नीट वापरलं तर त्याने इजा होत नाही, आणि नीट वापरणं हे माझं काम आहे.

नीट म्हणजे काय, तर बहुतेक साध्या गोष्टी. छातीत पेसमेकर आहे का, फिट येते का, दिवस गेलेत का, गाठीचा इलाज चालू आहे का, हे आधी विचारायचं. आणि यातलं काही असेल तर यंत्राच्या नादी लागायचं नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला आणि छातीवरून आरपार करंट जाऊ द्यायचा नाही. कातडी साध्या पाण्याने पुसायची. आपल्या बायका दुखऱ्या जागी घरूनच तेल किंवा बाम चोळून येतात आणि अभिमानाने सांगतात. त्यांना न दुखावता ते तेल पुसून काढणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक कौशल्य आहे. पॅड सगळीकडून सारखं ओलं हवं, कडा उचललेली नको, नाहीतर सगळा करंट एका ठिपक्यातून शिरतो आणि टोचतो. दागिने दूर ठेवायचे. मंगळसूत्र काढायला सांगितलं की बायका आधी दाराकडे बघतात. मग मी ते दोऱ्यासकट त्यांच्याच मुठीत देते, म्हणजे ते काढल्यासारखं होत नाही. हाताखाली उशी, अंगावर चादर, कारण आमचा एसी थेट पेशंटच्या मानेवर येतो. सुरुवात शून्यापासून. पॅड काढायच्या आधी यंत्र पुन्हा शून्यावर. आणि या सगळ्याच्या आधी एक तपासणी: पेशंटला डोळे मिटायला सांगायचे आणि कापसाने, बोथट टोकाने कातडीला स्पर्श करून विचारायचं, कळतंय का. ज्या जागी माणसाला काही कळत नाही, त्या जागी वीज लावायची नाही. काही बिघडलं तर तो सांगणार कसा?

संचालकांना यातलं काहीच खटकलं नाही. त्यांना खटकलं ते एवढंच की पेशंटना काही वाटत नाही. एका तरुण इंजिनिअरने पंधरवडाभर मान दाखवून शेवटी लिहून दिलं होतं की मशीन बहुधा बंद असावं. संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावून समजावलं की सुरुवातीची दोनतीन मिनिटं मुंग्यांचं यंत्र लावावं आणि मग गुपचूप हे. "मॅडम, थोडा फील आना चाहिए," ते म्हणाले. मी म्हटलं, फील दुसऱ्या यंत्रात आहे आणि ते स्वस्त पडतं, तेच लावू या का? ते हसले. त्यांना वाटलं मी सहमत झाले. मी माझ्या पद्धतीनेच काम करत राहिले, आणि पडद्यावरचा निळा दिवा पेशंटच्या बाजूला वळवून ठेवला. दिव्याने पुष्कळ लोकांचं समाधान होतं.

संक्रांतीच्या सुमारास काकू आल्या. कराडच्या. सत्तरी ओलांडलेली, डावा खांदा आखडलेला, बरोबर मुलगा. मुलगा जवळच एका कंपनीत मॅनेजर, राहायला सर्जापूर रोडला. त्याने उभ्याउभ्याच सगळी हकीकत इंग्रजी शब्दांत नीट मांडून सांगितली: डायबेटिस आहे, कंट्रोलमध्ये आहे, फ्रोझन शोल्डर आहे, टाइमलाइन काय. मग त्याचा फोन वाजला आणि तो कॉरिडॉरमध्ये गेला. काउंटरवरची मुलगी काकूंना म्हणाली, "अज्जी, स्वल्प वेट माडि." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जरा थांबा म्हणतेय ती. त्यांचा चेहरा एकदम सुटला.

"मराठी हायसा?"

"निपाणीची."

"मग आपल्याच की," काकू म्हणाल्या, आणि चप्पल काढून ठेवावी तसा परकेपणा दाराशी काढून ठेवला. खरं तर त्यांच्या पायात चप्पल नव्हती. मुलाने घेऊन दिलेले जाड तळाचे, गुलाबी नाड्यांचे बूट होते, आत मोजे. ते त्या कधीच काढत नसत. फरशी गार लागते म्हणायच्या.

त्यांच्या खांद्यावर काय अवलंबून आहे हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. काकूंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. कराडला त्या एकट्या राहत. खांदा धरला, हात वर जाईना, म्हणून मुलगा त्यांना इकडे घेऊन आला. अट अशी ठरली होती की पाडव्यापर्यंत हात वर जायला लागला, स्वतःचं स्वतःला करता आलं, तर त्यांनी परत जायचं. नाही तर त्यांनी कायमचं इथेच राहायचं आणि कराडचं घर बिल्डरला द्यायचं. बिल्डर तयार होता. तो आधीच येऊन अंगण मोजून गेला होता.

"इथं काय कमी नाही," काकू सांगत. "पोरगा चांगला, सून चांगली. माझ्यासाठी बाई ठेवलीय. ती माझी पोनी घालती, शाळंतल्या पोरीवानी. हात वर जात नाही म्हणून मी गप बसते. पण दिवसभर बघायला काय, तर समोरच्या बिल्डिंगीतली दुसरी म्हातारी. ती माझ्याकडं बघती, मी तिच्याकडं. विसाव्या मजल्यावर दोघी."

कराडच्या घरासमोर काय दिसतं, असं मी विचारलं. त्यांनी बराच विचार केला. म्हणाल्या, "काय न्हाई, रस्ता." मग जरा वेळाने, "पण माणसं हाक मारत्यात."

आठवड्यातून तीनदा त्या येत. आधी मी खांदा शेकायची, हळूहळू हलवायची, आणि मग यंत्र. एक पॅड खांद्याच्या मागे आणि दुसरं म्हणून तळहाताला ओला टॉवेल गुंडाळायचा, म्हणजे करंट सबंध हातातून जातो. संवेदनेची तपासणी पहिल्या दिवशी माझ्या सहकाऱ्याने हिंदीतून केली होती आणि काकूंनी सगळ्याला "हां जी" म्हटलं होतं. त्यानंतर दर वेळी मी ती थोडक्यात करत असे. काकू डोळे मिटत. मी तळहातावर कापूस फिरवून विचारायची, "लागतंय का?" त्या म्हणायच्या, "लागतंय." बोटांवर, मनगटावर, खांद्यावर. लागतंय, लागतंय, लागतंय की. यंत्र लावल्यावर मी विचारायची, टोचत तर नाही ना, बरं वाटतंय ना. बरं वाटतंय. इतका बिनतक्रारी पेशंट आमच्या क्लिनिकला लाभला नव्हता. संचालकांनी त्यांचा फोटो भिंतीवर लावायचा विचार केला होता.

खांदा खरोखर सुधारत होता. महिनाभरात हात कानापर्यंत जायला लागला. काकू उत्साहाने भिंतीवर बोटं चढवत आणि कुठवर पोचली ते काउंटरवरच्या मुलीला दाखवत.

मग तो पाण्याचा दिवस आला. टॉवेल भिजवायला मी नेहमी कोमट पाणी घेते. गार टॉवेलने पेशंट दचकतो आणि स्नायू आवळतो. मग सगळंच ओमफस. त्या दिवशी नवीन गीझर बसवला होता. पातेल्यात पाणी आणून ठेवलं आणि मी टॉवेल आणायला वळले. परत येते तर काकूंनी मदत म्हणून हात आधीच पाण्यात बुडवून ठेवला होता. मी टॉवेल भिजवायला बोटं घातली आणि झटक्याने बाहेर काढली. भाजण्याइतकं नव्हतं, पण कुणी हात ठेवून बसेल असंही नव्हतं.

"काकू, पाणी कसं आहे?"

"छान कोमट आहे."

मी त्यांचा हात उचलून पुसला. तळवा लाल झाला होता. काकू शांतपणे एसीकडे बघत होत्या. मी त्यांना खुर्चीत टेकायला सांगितलं, डोळे मिटायला सांगितले, कापूस हातात घेतला आणि नेहमीसारखीच सुरुवात केली.

"लागतंय का?"

"लागतंय."

"आता?"

"लागतंय की."

"आणि इथं?"

"लागतंय."

मी म्हटलं, "काकू, मी हात लावलाच नाही."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. बाहेर कुणाच्या तरी गुडघ्याचा व्यायाम चालला होता, त्याचे आकडे ऐकू येत होते. काकूंनी ते ऐकल्यासारखं केलं. मग त्या म्हणाल्या, "मग विचारता कशाला?"

त्यांचं बरोबर होतं. त्या स्पर्शाला उत्तर देतच नव्हत्या, माझ्या आवाजाला देत होत्या. पान वाढून झालं की यजमानीणबाई विचारते, चांगलं झालंय ना, तेव्हा आपण चवीकडे बघून उत्तर देत नाही. काकूंना वाटे, एवढ्या मऊ हाताने कुणी काही करत असेल तर त्याला नाही कसं म्हणायचं. मी त्यांच्यावर मनातल्या मनात चिडले, आणि तेवढ्यात मला माझाच आवाज ऐकू आला, लोकांना वर्षभर 'बरं आहे' सांगणारा. तोही असाच, विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघून निघायचा. मी त्या विचाराचं पुढे काही केलं नाही. समोर पेशंट होता.

त्या दिवसापासून मी कुणालाही 'लागतंय का' विचारत नाही. कुठे लागलं ते बोट ठेवून दाखवा म्हणते, किंवा किती वेळा टोचलं ते मोजायला लावते. मोजणीत भिडस्तपणा चालत नाही. काकूंचं तसं करून पाहिलं. खांद्यावर सगळं अचूक. कोपरापर्यंत ठीक. मनगटाच्या खाली उत्तरं अंदाजपंचे, आणि बोटांच्या टोकांना काहीच नाही.

डायबेटिसमध्ये हे पायापासून सुरू होतं आणि वर सरकतं. बोटांपर्यंत आलं असेल तर पायांचं केव्हाच गेलेलं असतं. मी म्हटलं, काकू, बूट काढा. त्या म्हणाल्या, फरशी गार लागते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनीही बघितलं. मग त्यांनी पाय पुढे केला.

डावा बूट काढला आणि हलवला, तर आतून लाल प्लास्टिकचा ठोकळा खाली पडला. मुलांच्या खेळण्यातला, घरं बांधायच्या संचातला, वर बारीक उंचवटे असलेला. मोजा काढला. तळव्यावर टाचेच्या पुढे त्या ठोकळ्याचा चौकोन उमटला होता, उंचवट्यांसकट, शिक्का मारल्यासारखा. कातडी फाटली नव्हती. सकाळपासून त्या त्याच्यावर चालत होत्या. खाली बागेत फिरून आल्या होत्या, गाडीत बसून इथे आल्या होत्या, भिंतीवर बोटं चढवताना टाचा उंचावल्या होत्या.

"नातवाचा आहे," काकू म्हणाल्या. "कालपासून शोधतोय तो. लाल एक कमी पडतोय म्हणून रडला." आणि ठोकळा उचलून त्यांनी कमरेच्या पिशवीत ठेवला.

मी विचारलं, कधीपासून हे असं?

"बोटांचं वर्ष झालं असंल. आधी मुंग्या यायच्या, मग त्याबी बंद झाल्या. म्हटलं बरं झालं, गेल्या मुंग्या. पायाचं ठाऊक न्हाई. पायाकडं कोण बघतंय?"

"मुलाला सांगितलंत?"

"आता त्याला सांगून?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "खांद्याचं बोलणं झालंय आमचं. खांदा बरा झाला की मी जायचं. पायाचं काय बोलणं झालं न्हाई. तू त्यात पाय घालू नकोस."

त्या मला पहिल्यांदाच अगंतुगं करत होत्या. मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. अशा पायाला जखम झाली तर दुखत नाही, दुखत नाही म्हणून दिसत नाही, दिसत नाही म्हणून चिघळते, आणि मग बोट किंवा पाऊल काढायची वेळ येते. घाबरवायला म्हणून सांगत नव्हते. माझ्यासमोर अशी माणसं येतात. त्यांच्या डॉक्टरांना मी कळवणारच होते, ते माझं कामच आहे. मुलाला मात्र त्यांनी स्वतः सांगावं, असं मी म्हटलं.

"नाही म्हटलं की घर गेलं," काकू म्हणाल्या. "एवढंच आहे हे. हाताला लागतंय म्हटलं तर घर आहे. न्हाई म्हटलं तर बिल्डर."

त्यांनी मोजा चढवला, बूट घातला, नाड्या बांधायला मला सांगितल्या. मी खाली बसून नाड्या बांधत असताना वरून आवाज आला, "निपाणीची हायस ना? म्हटलं आपल्याकडची हाय."

मला सहसा काही लागत नसे त्या दिवसांत. ते मात्र लागलं.

पुढच्या खेपेला त्या आल्या त्या तोंड फुगवून. माझ्याशी बोलल्या नाहीत. सगळं बोलणं काउंटरवरच्या मुलीशी केलं, तिला मराठीचं अक्षर कळत नाही तरी. ती "सरी अज्जी, सरी", बरं आजी बरं, म्हणत राहिली. मी दोन्ही पॅड खांद्यालाच लावली, एक पुढे एक मागे, हृदयापासून लांब. तळहाताला काही बांधलं नाही. काकूंनी ते पाहिलं आणि भिंतीकडे मान वळवली. यंत्र चालू करायच्या आधी मी त्यांना म्हटलं, किती वेळा टोचते ते मोजा. मग भिंतीला उद्देशून, "तीन." बरोबर होतं.

यंत्र चालू असताना मी शेजारच्या स्टुलावर बसले. एरवी मी तेवढ्यात दुसरा पेशंट बघते. त्या दिवशी बसले. बऱ्याच वेळाने काकूंनी विचारलं, अशी पायाची माणसं एकटी राहतात का? मी म्हटलं, राहतात. पण त्यांना लागत नाही, म्हणून बघावं लागतं. रोज दोन्ही तळवे डोळ्यांनी बघायचे. घरात अनवाणी फिरायचं नाही. बूट झटकून घालायचे. पाणी कोपराने तपासायचं, कोपर तुमचं शाबूत आहे. तव्याशी, कुकरशी फडक्याशिवाय जायचं नाही. काकू म्हणाल्या, तळवे बघायला मान आणि कंबर कुठून आणू? मी म्हटलं, आरसा. किंवा माणूस.

"माणूस," काकू म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.

शनिवारी मुलगा न्यायला आला. यंत्र काढून झालं होतं, काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. त्याने खांद्याची प्रगती विचारली. मी सांगितली. तो म्हणाला, ग्रेट, म्हणजे आपण ट्रॅकवर आहोत. काकू म्हणाल्या, "बस जरा."

तो बसला नाही. फोन हातात होता.

"मला हातापायाला लागत न्हाई," काकू म्हणाल्या. "काहीच लागत न्हाई. वर्ष झालं. हिनं शोधून काढलंय."

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्याला वाटलं असावं की हा खांद्याचाच एखादा उपप्रकार आहे. मी थोडक्यात सांगितलं. त्याने मला विचारलं, ही रिस्क दहापैकी किती म्हणता येईल? मी म्हटलं, आकडा मला सांगता येणार नाही. मग तो काय बोलणार हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, आणि तो तेच बोलला. की मग एकटं राहायचा प्रश्नच येत नाही. की हे क्लिअर आहे. की इथे चोवीस तास माणसं आहेत.

काकूंनी कमरेची पिशवी उघडली आणि लाल ठोकळा काढून पलंगावर ठेवला.

"हा माझ्या बुटात होता. हिनं बूट काढला त्या दिवशी, सकाळधरनं. तुम्ही तिघं, ती बाई, सगळे घरात. मी त्याच्यावर चालत होते."

मुलाने ठोकळा उचलला. उलटा करून पाहिला, जसं त्याच्यावर काही लिहिलेलं असावं. मग त्याने फोन खिशात ठेवला. असं त्याला करताना मी पहिल्यांदा पाहत होते. तो खाली बसला, पलंगासमोर, फरशीवर, ऑफिसच्या पँटमध्ये. आईचा बूट त्याने स्वतः काढला. गुलाबी नाडीची गाठ त्याला सुटेना. मी मदत केली नाही. मोजा काढून त्याने पाऊल मांडीवर घेतलं. चौकोन तोवर मावळला होता, नुसती तांबूस खूण होती.

"डोळे मीट," तो म्हणाला. त्याने अंगठ्याला बोट लावलं. "इथं?"

मी त्याला सांगणार होते की असं विचारू नका. पण काकूंनीच उत्तर दिलं.

"नाही."

"इथं?"

"नाही."

"आई, इथं? मी दाबतोय."

"नाही रे."

त्याने सगळं पाऊल तपासलं, मग दुसरं. प्रत्येक वेळी त्या नाही म्हणाल्या, आवाज न चढवता, पेपर तपासणाऱ्या मास्तरासारख्या. घोट्याच्या वर, पोटरीच्या मध्यावर कुठेतरी त्या म्हणाल्या, "आता लागलं." तो तिथेच हात ठेवून बसून राहिला. आमच्या क्लिनिकमध्ये एका पेशंटमागे किती वेळ द्यायचा याचा नियम आहे. मी दार लोटून बाहेर उभी राहिले आणि पुढच्या माणसाला सांगितलं, स्वल्प थांबा.

आत काय ठरलं ते मी ऐकलं नाही. नंतर कळलं ते असं: डॉक्टरांची तपासणी, पायांसाठी वेगळे तळवे, कराडला सकाळी येणारी एक बाई, आणि पाडव्यानंतर तीन महिने जाऊन बघायचं. त्याच्या भाषेत ट्रायल. बिल्डरला नाही सांगितलं नव्हतं. थांबा सांगितलं होतं. काकूंना ते पुरेसं होतं की नाही, त्यांनी सांगितलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतःचा अंबाडा स्वतः घातला होता, जरा तिरका. माझ्या गालावरून हात फिरवला. त्या हाताला माझा गाल कळला नसणार.

संचालकांनी त्यांचा खांदा मायक्रोकरंटच्या यशात जमा केला. मी हरकत घेतली नाही. त्या यंत्रामुळे निदान कुणीतरी पाण्यात हात घालून बसलं होतं.

उन्हाळ्यात मुलगाच आला, मान धरली म्हणून. दिवसभर लॅपटॉपवर वाकून बसणाऱ्यांचं ते ठरलेलं दुखणं. मी मान पुसली, पॅड मानेच्या मागे लावली, हाताखाली उशी दिली आणि यंत्र हळूहळू वर घेतलं. पाच मिनिटंही झाली नसतील, त्याचा फोन वाजला. मी कपाळाला आठ्या घातल्या. तो म्हणाला, सॉरी मॅडम, हा घ्यावाच लागतो, रोजचा आहे. मी फोन त्याच्या तोंडासमोर धरला, म्हणजे मान हलायला नको.

पडद्यावर चेहरा नव्हताच. दोन तळवे होते, मोठे, टाचांना भेगा, मागे कुठलीशी निळी भिंत आणि रस्त्यावरचा आवाज. तळव्यांच्या पलीकडून कुणाशी तरी बोलणं चाललं होतं, भाजीवाली असावी. मग आवाज जवळ आला.

"दिसतंय का?"

"थांब," मुलगा म्हणाला. तो डोळे बारीक करून बघत होता. "डावा जरा उजेडात घे."

डावा पाय उजेडात आला. तो बघत राहिला, आणि मीही फोन धरून उभी राहिले, हात भरून येईपर्यंत.